भित्रा सोबती आणि त्याची साक्ष

(द्वितीय वर्ष कला)

भित्र्या माणसाला आपल्या भाषेत मान नाही. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेळपट, भागूबाई, शेपूट घालणारा अशा शब्दांची आपल्याकडे वाण नाही. पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्यालाही आपण फारसे सोडलेले नाही. त्याच्यासाठी पुस्तकी किडा आणि पढतमूर्ख हे शब्द तयारच आहेत. मग हे दोन्ही गुण ज्याच्या ठायी एकत्र नांदतात त्याचे काय होत असेल, ते सांगायला नको. त्याने तोंड उघडले की हशा पिकतो.

असे असूनही गोष्ट सांगणारे लोक नायकाला असाच एखादा सोबती पुन्हा पुन्हा देतात. नायक शूर असतो, देखणा असतो, त्याच्या हाती धनुष्य नाही तर तलवार असते. आणि दोन पावले मागे हा उभा असतो. त्याचे पाय लटपटत असतात, पण तो पळून जात नाही. नायकाला त्याची गरज काय? केवळ प्रेक्षकांना हसवण्यासाठीच त्याची योजना आहे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

खेळातला सोबती

हा प्रश्न मला पडला तो मात्र वर्गात नव्हे, तर संगणकावरच्या एका खेळामुळे. ऐरोलीत आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत माझा मामेभाऊ राहतो. त्याच्या जुन्या संगणकावर 'नेव्हरविंटर नाइट्स' नावाचा एक खेळ आहे. वडीलधाऱ्या वाचकांसाठी या खेळाची जात थोडक्यात सांगते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याला पट लागत नाही. कागद, पेन्सिल आणि निरनिराळ्या बाजूंचे फासे एवढेच साहित्य लागते. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली एकेक भूमिका घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी शाहीर. वाटेत राक्षस भेटला तर पुढे काय झाले ते फासा ठरवतो. पुढे हेच खेळ संगणकावर आले. गोष्ट सांगण्याचे आणि फासे टाकण्याचे काम यंत्र करू लागले, आणि एकट्या खेळणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून सोबतीही यंत्रच पुरवू लागले.

या खेळाच्या नियमांत एक गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटली. प्रत्येक पात्राचा जीव आकड्यात मोजलेला असतो. २००० साली या खेळाची जी तिसरी आवृत्ती निघाली, तिचे नियम माझ्या भावाच्या खेळात वापरले आहेत. त्यानुसार पात्र एकेक पायरी वर चढले की त्याचा जीव वाढतो. योद्ध्याची वाढ दहा बाजूंच्या फाशाने ठरते, शाहिराची सहा बाजूंच्या आणि मांत्रिकाची अवघ्या चार बाजूंच्या. मांत्रिकाचे मंत्र त्याच्या पोथीत असतात. विश्रांती घेऊन, पोथी वाचून ते तयार करावे लागतात आणि एकदा वापरले की संपतात. म्हणजे ज्याने आयुष्य पोथीला वाहिले त्याच्या वाट्याला शरीर थोडके. असा माणूस लढाईत मागे उभा राहिला तर त्याला भित्रा म्हणावे की हिशेबी? दहाच्या फाशाचा माणूस ज्या घावाने खरचटतो त्याच घावाने चारच्या फाशाचा माणूस मरतो. येथे भीती म्हणजे स्वभावातला दोष नसून साधे अंकगणित आहे.

या खेळाला २००३ साली 'शॅडोज ऑफ अंड्रेंटाइड' नावाची पुरवणी निघाली. तिच्यात डीकिन नावाचा एक सोबती भेटतो. तो कोबोल्ड जातीचा आहे. कोबोल्ड म्हणजे सरड्यासारखे दिसणारे, कमरेएवढ्या उंचीचे प्राणी. त्या जगात त्यांना काडीची किंमत नाही. नवशिक्या नायकाने हात बसवण्यासाठी मारायचे ते हे कोबोल्ड. डीकिन मात्र त्यांच्यातला लिहितावाचता. एका पांढऱ्या ड्रॅगनच्या पदरी तो शाहिरी करीत असतो. तो स्वतःला 'मी' म्हणत नाही, डीकिन म्हणतो. नायकाला 'बॉस' म्हणून हाक मारतो. मोठे काही समोर आले की आपली भीती बोलून दाखवायला त्याला लाज वाटत नाही.

तो लढाईत फार मोठा पराक्रम गाजवील अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण तो गाऊ लागला की जवळच्या सोबत्यांचे घाव अधिक अचूक बसतात. सापडलेली जुनी अंगठी किंवा तलवार कसली आहे, हे शाहीर आपल्या ऐकीव आणि वाचीव ज्ञानाने ओळखतो. शिवाय डीकिनचा तिसरा उद्योग म्हणजे नायकाच्या पराक्रमावर तो एक ग्रंथ लिहीत असतो. त्याच वर्षी निघालेल्या 'हॉर्ड्स ऑफ द अंडरडार्क' या पुढच्या पुरवणीत तो पुन्हा भेटतो, तोवर त्याचा ग्रंथ प्रसिद्धही झालेला असतो. सारांश, ज्याला सारे हसतात त्याच्याच हातात लेखणी आहे. उद्या नायक जगाला कसा दिसणार हे त्याने ठरवायचे.

हे पाहिले आणि मला आमच्या अभ्यासातले विदूषक आठवले. वरवर पाहता कुठे परदेशातला कोबोल्ड आणि कुठे कालिदासाचा माधव्य! पण या सोबत्याचे मूळ घर आपल्याकडेही आहे, आणि ते बरेच जुने आहे.

माधव्य : दूर पाठवलेला साक्षीदार

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्या दिवसापासून दुष्यंताबरोबर त्याचा विदूषक माधव्य हाही मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला.

विदूषक हा राजाचा मित्र. जातीने ब्राह्मण, परंतु संस्कृत नाटकात तो राजासारखा संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. विद्येच्या घराण्यात जन्मून विद्येच्या भाषेबाहेर राहिलेला असा हा माणूस आहे. माधव्याला शिकारीचा कंटाळा आहे. रानातले ऊन, गढूळ पाणी, अवेळी मिळणारे जेवण या सर्वांना तो विटला आहे. याच रानात राजा त्याच्यापाशी शकुंतलेविषयी मन मोकळे करतो. राजाचे हे गुपित जाणणारा माधव्य हा एकटाच मनुष्य आहे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

पुढे काय होते? तपोवनात राक्षसांचा त्रास सुरू होतो आणि ऋषी राजाला बोलावतात. त्याच वेळी राजधानीहून आईचा निरोप येतो. राजा माधव्याला विचारतो, शकुंतलेला पाहायची इच्छा आहे ना? माधव्य म्हणतो की इच्छा भरपूर होती, पण राक्षसांचे नाव ऐकले आणि ती सगळी आटली. प्रेक्षक हसतात. राजा त्याला आपल्या ऐवजी आईकडे पाठवून देतो. पण हा बडबड्या अंतःपुरात काही बोलून बसेल अशी राजाला धास्ती वाटते, म्हणून निघताना तो त्याला सांगतो की शकुंतलेचे बोलणे ही सगळी थट्टा होती.

पाचव्या अंकात शकुंतला दरबारात उभी राहते आणि शापाने भुललेला राजा तिला ओळखत नाही. त्या वेळी माधव्य तेथे नाही. राजाने त्याला नुकतेच राणी हंसपदिकेची समजूत घालायला पाठवले आहे. अंगठी सापडल्यावर राजा हळहळतो आणि तू मला आठवण का दिली नाहीस असे विचारतो. माधव्य साधे उत्तर देतो, की तूच थट्टा म्हणालास आणि मी ते खरे मानले.

शाप दुर्वासाचा, अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली, हे सर्व खरे. परंतु शापाला आणि अंगठीला न जुमानता 'मला आठवते' असे म्हणू शकेल असा एक माणूस होता. त्याला थोडे त्याच्या भीतीने आणि थोडे राजाच्या चतुराईने जागेवरून हलवले. भित्रा सोबती जागेवर नसला म्हणजे काय होते, ते कालिदासाने येथे दाखवले आहे असे मला वाटते.

सहाव्या अंकातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. राजा शोकात बुडालेला असताना इंद्राचा सारथी मातली अदृश्य रूपाने माधव्याला पकडतो. माधव्य जिवाच्या आकांताने ओरडतो, आणि ती हाक ऐकून राजा धनुष्य उचलतो. राजाला शुद्धीवर आणण्यासाठीच आपण हे केले, असे मातली मागाहून सांगतो. शूराला जागे करण्याचे काम भित्र्याच्या ओरडण्याने केले! डीकिनच्या गाण्याने सोबत्यांचा हात स्थिर होतो, त्याचीच ही एक तऱ्हा म्हणता येईल.

मैत्रेय : ज्याची साक्ष उलटली

माधव्याहून माझ्या मनाला अधिक लागला तो 'मृच्छकटिका'तला मैत्रेय. शूद्रकाच्या नावावर असलेले हे संस्कृत नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत मृच्छकटिक' म्हणून मराठीत आणले. चारुदत्त हा दानधर्मापायी निर्धन झालेला सज्जन. संपत्ती होती तेव्हा दारात गर्दी होती. ती गेली आणि माणसेही पांगली. राहिला तो एक मैत्रेय. पूर्वी या घरात तो पोटभर मिष्टान्न जेवत असे. आता खाणे बाहेर मिळेल तेथे आणि मुक्कामाला मात्र चारुदत्ताकडे, असा त्याचा क्रम आहे.

हा मैत्रेय भित्रा आहे याबद्दल वाद नाही. पहिल्या अंकात चारुदत्त त्याला चव्हाट्यावर बळी ठेवून यायला सांगतो, तर तो अंधाराचे आणि रस्त्यावरच्या गुंडांचे कारण सांगून टाळाटाळ करतो. शेवटी दासी रदनिकेला सोबत घेऊन, दिवा धरून निघतो. मात्र राजाचा मेहुणा शकार जेव्हा रदनिकेवर हात टाकतो, तेव्हा हाच मनुष्य काठी उगारून धावतो. स्वतःसाठी भ्यायचे आणि दुसऱ्यासाठी क्षणभर भीती विसरायची, असा त्याचा स्वभाव आहे.

वसंतसेना आपले दागिने चारुदत्ताकडे ठेव म्हणून ठेवते. रात्री ते सांभाळायचे काम मैत्रेयाकडे येते. शर्विलक घर फोडून आत शिरतो आणि मैत्रेय अर्धवट झोपेत दागिन्यांची पेटी आपल्या हाताने चोराला देऊन टाकतो. सकाळी तो मित्राला सल्ला देतो की सरळ नाकबूल करावे. कोणी दिले, कोणी घेतले, साक्षीदार कोण आहे? चारुदत्त हा सल्ला झिडकारतो आणि पत्नी धूतेची रत्नमाला भरपाई म्हणून पाठवतो.

साक्षीदार कोण, हा प्रश्न मैत्रेयाने हलकेपणाने विचारला. नाटककाराने मात्र तो जपून ठेवला आहे. नवव्या अंकात चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा खोटा आळ येतो. चारुदत्ताच्या मुलाला मातीच्या गाडीऐवजी सोन्याची गाडी मिळावी म्हणून वसंतसेनेने जे दागिने त्या गाडीत घातले होते, ते परत करायला मैत्रेय निघालेला असतो. वाटेत बातमी कळते आणि तो तसाच न्यायसभेत येतो. तेथे शकाराला पाहून त्याचा संताप अनावर होतो. तो शकाराशी झोंबतो, आणि काखेतले दागिने सर्वांसमक्ष जमिनीवर पडतात. चारुदत्ताविरुद्ध नसलेला पुरावा तयार होतो.

येथे वाचक थक्क होतो. ज्या माणसाला आपण नऊ अंक भित्रा म्हणून हसलो, त्याने सर्वांत मोठे धाडस केले आणि त्याच धाडसाने मित्राला सुळाच्या वाटेवर नेले. खरी हकीकत मैत्रेयाला ठाऊक असते. ती सांगणे हे त्याचे काम होते, आणि त्याने हात उगारला. हात उगारणे हे दहाच्या फाशाच्या माणसाचे काम! अर्थात सगळा दोष त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. सत्य सांगितले तरी ते ऐकणारी दृष्टी सत्तेजवळ नाही, असे चारुदत्तालाच वाटते. न्यायसभा शकाराच्या दडपणाखाली असेल, तर दुबळ्याच्या साक्षीला मोल ते किती?

पण मैत्रेय तेथेही मित्राला सोडत नाही. चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेताना तो लहानग्या रोहसेनाला घेऊन येतो. भित्रा माणूस वधस्थानापर्यंत जातो, याला आपण काय म्हणणार?

मैत्रेयाविषयी एक तक्रारही नोंदवली पाहिजे. संस्कृत वाचणारी बाई पाहिली की आपल्याला हसू येते, असे तो एके ठिकाणी म्हणतो. मी हे वाक्य ऐरोलीच्या डॉ. आंबेडकर स्मारकातल्या ग्रंथालयात वाचले. त्या टेबलाभोवती आम्ही चार मुली होतो, आणि आमच्यापैकी कोणाच्याही आजीला अक्षरओळख नव्हती. स्वतः हशाचा विषय झालेला मनुष्य दुसऱ्या कोणाला तरी हसतो, हे शूद्रकाने बरोबर टिपले आहे. मैत्रेय मला आवडतो, पण हे हसू त्याला माफ करावे असे वाटत नाही.

चिमणराव : लेखणी कोणाच्या हाती?

विसाव्या शतकात मराठीत एक मोठा बदल झाला. भित्रा पुस्तकी माणूस मागून पुढे आला. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याला पाली भाषेचे अध्यापन करणारे विद्वान. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण केली. १९४० साली 'लग्न पहावं करून' या चित्रपटात ती पडद्यावर आली, तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघर नेली.

चिमणराव किडकिडीत, लिहिण्यावाचण्याची हौस असलेला, प्रसंग आला की गांगरणारा. गुंड्याभाऊ धिप्पाड आणि हातघाईला तयार. जुन्या नाटकाच्या हिशेबाने गुंड्याभाऊ नायक आणि चिमणराव विदूषक व्हायला हवा होता. येथे मात्र गोष्ट चिमणराव सांगतो. स्वतःची फजितीही तोच सांगतो आणि गुंड्याभाऊचा पराक्रमही त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत येतो. माधव्याची आठवण कोणी विचारली नाही, मैत्रेयाची हकीकत कोणी मानली नाही. चिमणरावाने लेखणी हाती घेतली, त्यामुळे त्याला कोणाच्या परवानगीची गरज उरली नाही. डीकिनचा ग्रंथ हा याच वाटेवरचा पुढचा मुक्काम म्हणता येईल.

आमच्या घरातील उदाहरण

हा विषय मला केवळ पुस्तकी वाटत नाही, याचे कारण सांगते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. आई घरकामाला जाते, चौथी शिकली आहे, आणि ती कोणाला भीत नाही. मी भिते. मोठ्या टेबलामागे बसलेला माणूस दिसला की माझा आवाज घशातच अडकतो. तरीही कचेरीत जायचे झाले की आई मला सोबत नेते. ती पुढे आणि मी हातात पिशवी घेऊन दोन पावले मागे.

मागच्या वर्षी कर्जाच्या कागदांसाठी आम्ही एका कचेरीत गेलो होतो. तेथल्या माणसाने बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवले आणि घाई केली. मी कागद वाचू लागले. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की कराराची प्रत अर्जदाराला मिळाली. प्रत आम्हाला कोणी दिली नव्हती. मी ती ओळ मोठ्याने वाचली. आवाज इतका कापत होता की रांगेतली माणसे वळून बघू लागली. आईने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "पुढचं वाच पोरी, थांबू नको."

मी पुढचे वाचले. त्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या, पण कागदाची झेरॉक्स काढून आणली. आईने ती माझ्या हातातल्या पिशवीत टाकली आणि मग सही केली. एवढेच झाले. यात पराक्रम काही नाही. मात्र माझ्या जागी धीट आणि निरक्षर कोणी असते तर ती ओळ तशीच राहिली असती, आणि मी घाबरून बाहेर थांबले असते तरीही ती तशीच राहिली असती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निघतात असे मला वाटते. पहिली, भित्र्या सोबत्याची भीती ही पुष्कळदा त्याच्या परिस्थितीचे मोजमाप असते. ज्याच्याकडे जीव थोडा, पैसा थोडा, पाठबळ थोडे, त्याला प्रत्येक घाव जड जातो. दुसरी, त्याची खरी कसोटी लढण्यात नसून बरोबर राहण्यात आहे. माधव्याची उणीव भासली ती तो जागेवर नव्हता म्हणून, आणि मैत्रेय मनात राहिला तो शेवटपर्यंत बरोबर होता म्हणून. तिसरी आणि महत्त्वाची, त्याचे मुख्य काम साक्षीचे आहे. पाहिलेले आठवणे, लिहिलेले वाचणे आणि कापऱ्या आवाजात का होईना, ते बोलून दाखवणे.

आमच्या कॉलेजात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत. त्यांच्या घरात दहाच्या फाशाची माणसे आहेत. ती पहाटे मार्केटात गोणी उचलतात, दिवसभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासतात. आपण त्यांच्याइतके धीट नाही याची या मुलांना लाज वाटते. धीटपणा येईल तेव्हा येईल. तोवर जागा सोडू नये आणि समोर आलेला कागद अखेरच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढे तरी आपल्याला नक्कीच जमेल.